झीज आणि जतन: सोल-डिस्को ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहातील एक तात्त्विक पेच

अमेरिकेतील कृष्णवर्णीय गायक-वादकांनी घडवलेल्या सोल आणि डिस्को या संगीतप्रकारांच्या १९७० ते १९८० या दशकातील मूळ ध्वनिमुद्रिका जमवणारे रसिक आज न्यूयॉर्क, लंडन, तोक्यो अशा अनेक शहरांत आहेत, आणि त्यांचे आपल्या तबकड्यांशी असलेले नाते निव्वळ छंद म्हणून बाजूला सारता येण्याजोगे नाही. तीच गाणी नाममात्र खर्चात ऐकायला मिळत असताना हा संग्राहक यंत्रावर दाबून काढलेल्या हजारो प्रतींपैकी एका प्रतीसाठी मोठी रक्कम मोजतो, ती हाताळताना फक्त कडा धरतो, आणि तिच्या मधल्या कागदी वर्तुळाचा रंग, त्यावरील अक्षरांचे वळण व खोबणी संपल्यानंतरच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेले आकडे तपासून ती अस्सल असल्याची खात्री करून घेतो. धर्मेतिहासाच्या अभ्यासकाला हे वर्तन ओळखीचे वाटेल, कारण मध्ययुगीन ख्रिस्ती जगात संतांच्या अस्थी, वस्त्रे आदी अवशेषांची पारख, जपणूक आणि देवघेव बरीचशी अशीच चालत असे. त्यामुळे येथे उभा राहणारा प्रश्न मुळात धर्मविचाराचा आहे: पावित्र्य वस्तूत वसते की त्या वस्तूच्या आधारे घडणाऱ्या कृतीत, आणि ते कृतीत वसत असेल तर वस्तूवरील ममत्वाला भक्ती म्हणावे की लोभ? प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपाद्य असे की, ध्वनिमुद्रिका ही वापराने झिजणारी वस्तू आहे आणि संग्रहाच्या युक्तायुक्ततेची कसोटी त्या झिजेकडे संग्राहक कसे पाहतो यातच सापडते.

या प्रश्नाला धार येते ती या संगीताच्या उगमामुळे. सोल म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल गायनाची शैली, म्हणजे एकाने हाक द्यावी व समूहाने तिला साद द्यावी ही पद्धत, स्वर ताणत नेऊन शेवटी आर्त पुकारात फोडण्याची रीत, टाळ्यांचा अंगात भिनणारा ठेका, ही सारी सामग्री लौकिक प्रेमाच्या गीतांत उतरवून घडलेला प्रकार होय. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९०३ च्या आपल्या ग्रंथात गुलामीतून आलेल्या समाजाच्या धर्माची तीन अंगे सांगितली होती: उपदेशक, संगीत आणि देहभान हरपवणारा आवेश. यांपैकी दुसरे आणि तिसरे अंग चर्चच्या भिंतींबाहेर पडले तेव्हा श्रद्धाळूंना तो धर्मद्रोह वाटला. रे चार्ल्स यांनी १९५४ मध्ये एका गॉस्पेल गीताच्या धाटणीवर प्रेयसीचे गाणे बसवले, आणि सोल स्टिरर्स या नामवंत गॉस्पेल वृंदाचा मुख्य गायक सॅम कुक १९५७ मध्ये लौकिक गाण्यांकडे वळला, तेव्हा देवासाठी असलेला आवाज बाजारात नेल्याचा ठपका त्यांच्यावर आला. ही शंका जुनीच आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात गीतातील अर्थापेक्षा गळ्यानेच मन अधिक हलले तर तो आपला अपराध ठरतो, अशी कबुली दिली आहे, तरीही दुर्बळ मनाला कानांच्या वाटेने भक्तीकडे नेता येते, म्हणून चर्चमधील गायनाला त्यांनी संमतीच दिली.

सोल संगीताच्या सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका या शंकेच्या दोन्ही बाजू एकाच वेळी ऐकवतात. अरेथा फ्रँकलिन हिने जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये लागोपाठ दोन रात्री रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड आणि त्यांच्या गायकवृंदासह ‘अमेझिंग ग्रेस’ हा संच मुद्रित केला. तोवर ती लौकिक संगीतातील अग्रगण्य गायिका झाली होती, आणि तिचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे डेट्रॉइटमधील विख्यात धर्मोपदेशक होते. दुसऱ्या रात्री बोलायला उभे राहिलेल्या वडिलांनी आपल्या मुलीने चर्च कधी सोडलेच नव्हते, असा निर्वाळा उपस्थितांसमोर दिला. हा निर्वाळा केवळ पित्याच्या कौतुकापोटी दिलेला नव्हता, त्यात एक सिद्धान्त होता: लौकिक गाण्यातही तोच स्वर, तोच श्वास आणि दुःखातून वर उठण्याची तीच हालचाल असेल तर गाण्याचा विषय बदलल्याने त्याची जात बदलत नाही. कृष्णवर्णीय मुक्तिवादी ईश्वरशास्त्राचे प्रवर्तक जेम्स कोन यांनी नेमक्या त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ब्लूज या लौकिक गीतप्रकाराला ऐहिक जीवनातील भक्तिगीतांचा दर्जा देऊन हाच सिद्धान्त तात्त्विक भाषेत मांडला.

याउलट अल ग्रीन या मेम्फिसच्या गायकाच्या आयुष्यात ही दोन टोके सुखाने एकत्र नांदली नाहीत. विली मिचेल यांच्या रॉयल स्टुडिओत हळुवार, जवळजवळ कुजबुजल्यासारखी प्रणयगीते गाऊन कीर्तीच्या शिखरावर पोहोचल्यावर त्याने १९७६ मध्ये मेम्फिसमध्ये स्वतःचे चर्च स्थापन केले. १९७७ च्या ‘द बेल अल्बम’मध्ये स्त्रीचे प्रेम आणि ईश्वराची ओढ यांचा ताण उघड दिसतो, आणि १९७९ मध्ये सिनसिनाटी येथे रंगमंचावरून पडल्यानंतर त्या घटनेला दैवी संकेत मानून तो बराच काळ फक्त भक्तिगीतेच गात राहिला. त्याच्या प्रणयगीतांच्या तबकड्या जमवणाऱ्याला त्यामुळे एक अडचण टाळता येत नाही, कारण ज्या गाण्यांना तो जपतो त्यांच्यापासून गायकानेच काही काळ पाठ फिरवली होती. तथापि या घटनाक्रमाचा असाही अर्थ लावता येतो की, ग्रीनला दोन्हींतील अंतर छळत होते याचे कारण त्या दोहोंचे द्रव्य एकच होते. परक्या गोष्टींमध्ये असा झगडा होत नाही.

डिस्को हा याच धारेचा पुढचा टप्पा असून त्यात गाण्याच्या वेळेची कल्पनाच बदलली. केनेथ गॅम्बल आणि लिऑन हफ यांनी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या फिलाडेल्फिया इंटरनॅशनल या कंपनीत, सिग्मा साउंड स्टुडिओमधील वादकांच्या साथीने, सोलला व्हायोलिनच्या ताफ्याची झळाळी मिळाली. आणि तेथील ढोलवादक अर्ल यंग यांनी हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्सच्या १९७३ च्या एका गाण्यात प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा सारखा ठोका आणि त्याच्या मधोमध झांजेचा उघडा सपकारा अशी जी मांडणी केली, ती पुढे डिस्कोच्या तालाचा पाया ठरली. नाचणाऱ्यांना हा ताल थांबू नये असे वाटे, पण सात इंची तबकडीत तीन-साडेतीन मिनिटांपलीकडे जोमदार आवाज मावत नसे. टॉम मोल्टन हा ध्वनिमिश्रणकार १९७४-७५ च्या सुमारास एक गाणे चाचणीसाठी तबकडीवर कोरून घ्यायला गेला असता सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून ते मोठ्या तबकडीवर कोरले गेले. मंद्र स्वरांसाठी खोबणीला अधिक रुंद नागमोडी वळणे घ्यावी लागतात, आणि तेवढी जागा मिळाल्यामुळे आवाज एकदम भरदार झाला. या योगायोगातून बारा इंची एकल तबकडी जन्मली. सालसोल कंपनीने १९७६ मध्ये डबल एक्स्पोजर या वृंदाचे ‘टेन पर्सेंट’ हे गाणे वॉल्टर गिबन्सच्या नऊ मिनिटांहून लांब मिश्रणात बाजारात आणले, आणि सर्वसामान्य ग्राहकाला विकत घेता येणारी ती पहिली बारा इंची एकल तबकडी मानली जाते.

अशी तबकडी उजेडात तिरपी धरली तर तिची रचना डोळ्यांनी वाचता येते. सर्व वाद्ये भरात असतात तेथील खोबण्या विस्कटलेल्या, भुरकट दिसतात, आणि वाद्यमेळ ओसरून फक्त तालवाद्ये उरतात तो भाग, ज्याला या वर्तुळात ‘ब्रेक’ म्हणतात, गडद पट्ट्यासारखा उठून दिसतो. डिस्क जॉकी, म्हणजे नृत्यगृहात तबकड्यांची निवड आणि गुंफण करणारा, अंधुक प्रकाशात हा पट्टा पाहूनच सुई कोठे टेकवायची ते ठरवी. काळाला येथे दृश्य आकार मिळतो आणि तो हाताने चाचपता येतो. संगणकातील ध्वनिफाइल ऐकणाऱ्याला हा अनुभव येत नाही, आणि संग्राहकाच्या आसक्तीचे एक न्याय्य कारण येथे सापडते. तो केवळ दुर्मीळतेवर भाळत नसून, ध्वनी आणि द्रव्य यांचा सांधा त्याला जेथे पाहता येतो त्या वस्तूवर भाळलेला असतो.

या लांबलेल्या काळाला विधीचे रूप मिळाले ते न्यूयॉर्कमध्ये. डेव्हिड मॅन्कुसो याने १९७० च्या व्हॅलेंटाइन दिनी ब्रॉडवेवरील आपल्या राहत्या जागेत एक मेजवानी भरवली, आणि ‘लॉफ्ट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या मेजवान्या पुढे अनेक दशके चालल्या. तेथे प्रवेश निमंत्रितांनाच असे, मद्य विकले जात नसे, खाणे ठेवलेले असे, आणि कृष्णवर्णीय, लॅटिनवंशीय, गोरे, समलिंगी, भिन्नलिंगी असे सारे एका फरशीवर नाचत. मॅन्कुसोचे बालपण काही काळ अनाथाश्रमात गेले होते आणि तेथील एक नन मुलांसाठी फुगे लावून, रेकॉर्ड प्लेअर आणून मेजवान्या भरवीत असे. ती आठवण या उपक्रमाच्या मुळाशी असल्याचे मानले जाते. पुढे त्याने दोन तबकड्या एकमेकींत मिसळण्याचे यंत्र वापरणेही सोडले आणि प्रत्येक ध्वनिमुद्रिका पहिल्या आवाजापासून शेवटच्या आवाजापर्यंत, कलावंताने घडवली तशीच, वाजवण्याचा दंडक पाळला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये धर्माच्या मुळाशी असलेल्या ज्या सामूहिक उत्कटतेचे वर्णन केले, म्हणजे एकत्र आलेल्या माणसांना आपल्याहून मोठ्या शक्तीचा प्रत्यय देणाऱ्या भारलेपणाचे, तिचा हा एक ढळढळीत नमुना होता. लॅरी लेव्हन १९७७ पासून जेथे तबकड्या वाजवीत असे त्या पॅराडाइज गॅरेजमधील रात्रींना ‘शनिवारची प्रार्थनासभा’ असे टोपणनाव पडले यात म्हणूनच नवल नाही. आणि पेंटेकोस्टल चर्चमध्ये गात वाढलेल्या, पण आपल्या लैंगिकतेमुळे तेथून दुरावलेल्या सिल्व्हेस्टरसारख्या गायकाला डिस्कोच्या नृत्यभूमीवरच आपला गॉस्पेल स्वर पुन्हा मोकळा करता आला.

या नृत्यभूमीची व्याप्ती एका शहरापुरती किंवा एका वंशापुरती मर्यादित नव्हती, याचे एक उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. मुंबईत जन्मलेली आणि भारतीय शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतलेली आशा पुथली ही गायिका न्यूयॉर्कला गेल्यावर आधी ऑर्नेट कोलमन यांच्या ‘सायन्स फिक्शन’ या जॅझ संचात गायली, आणि तिच्या १९७६ च्या ‘द डेव्हिल इज लूज’ या संचातील ‘स्पेस टॉक’ हे गाणे लॉफ्टच्या नर्तकांचे आवडते झाले. त्या संचाची मूळ तबकडी आज संग्राहक शोधत असतात. एखाद्या ध्वनिमुद्रिकेची योग्यता तिच्या प्रसिद्धीच्या वेळी विक्रीच्या तक्त्याने ठरत नाही, ती वाजवणाऱ्याच्या निवडीतून आणि नाचणाऱ्यांच्या प्रतिसादातून सावकाश सिद्ध होत जाते, हे या उदाहरणावरून दिसते.

आता वस्तूच्या प्रश्नाकडे वळता येईल. जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे प्रतिपादन केले की, यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय, म्हणजे एका ठिकाणी एकदाच असण्यातून येणारा तिचा अधिकार, विरून जाते. हे खरे असेल तर पहिल्या छपाईच्या तबकडीचा आग्रह हा शुद्ध भ्रम ठरतो, कारण तिच्यात मूळ असे काहीच नसते. परंतु अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ मध्ये मांडलेला एक भेद येथे उपयोगी पडतो. चित्राची हुबेहूब नक्कल ही नक्कलच राहते, कारण त्याच्या निर्मितीचा इतिहास त्याच्या ओळखीचा भाग असतो. स्वरलिपीबरहुकूम केलेले वादन मात्र कोणीही केले तरी त्याच रचनेचे खरे वादन ठरते. ताम्रपटावरून छापलेली चित्रेही गुडमन यांनी चित्राच्याच वर्गात ठेवली आहेत, कारण त्यांच्या प्रती अनेक असूनही त्या विशिष्ट पटावरून निघाल्या असतील तरच अस्सल ठरतात. ध्वनिमुद्रिका अशा छापील चित्रासारखीच आहे. ॲल्युमिनियमवर मऊ लेप चढवलेल्या तबकडीत ध्वनी कोरला जातो, तिच्यापासून धातूचे साचे बनतात, साच्यांखाली तबकड्या दाबल्या जातात, आणि साचे झिजत जातात. म्हणून मूळ कोरणीतून निघालेली आरंभीची प्रत आणि दशकानंतर कोठल्या तरी दुय्यम ध्वनिफितीवरून काढलेली प्रत यांत ऐकू येणारा फरक असू शकतो, आणि गुळगुळीत पट्ट्यातील आकडे तपासणारा संग्राहक या वंशावळीचाच शोध घेत असतो.

न्यायदर्शनाच्या परिभाषेत हा प्रश्न जाती आणि व्यक्ती यांच्या संबंधाचा आहे. जाती म्हणजे अनेक व्यक्तींमध्ये एकरूपाने राहणारे सामान्य, आणि नैयायिकांच्या मते ते नित्य असते: एखादी गाय मेली तरी गोत्व मरत नाही. ध्वनिमुद्रित गाण्याचे सामान्यत्व मात्र वेगळे आहे, कारण ते एका तारखेला जन्मते आणि त्याला मरणही संभवते. २००८ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत मूळ ध्वनिफिती जळाल्या. लहान कंपन्यांच्या फिती तर आग न लागताही दिवाळखोरी, स्थलांतर आणि दुर्लक्ष यांत गहाळ झाल्या, आणि काही गाण्यांच्या नव्या आवृत्त्या जुन्या तबकडीवर सुई टेकवूनच काढाव्या लागल्या. अशा वेळी संग्राहकाच्या कपाटातील व्यक्ती हीच त्या जातीचा आधार ठरते. जतनाच्या बाजूने करता येणारा हा सर्वात बळकट युक्तिवाद आहे आणि त्याला कमी लेखून चालणार नाही.

तरीही जतनाची वृत्ती किती सहज विकृत होऊ शकते, हे उत्तर इंग्लंडमधील ‘नॉर्दर्न सोल’ या चळवळीच्या इतिहासातून कळते. मँचेस्टर, ब्लॅकपूल, विगन या औद्योगिक पट्ट्यातील कामगार तरुणांनी अमेरिकेत न खपलेल्या, गोदामांत पडून राहिलेल्या सोल तबकड्या शोधून आणल्या आणि त्यांच्यावर रात्रभर नाच केला. सप्टेंबर १९७३ मध्ये सुरू होऊन १९८१ च्या अखेरीस बंद पडलेल्या विगन कॅसिनो या नृत्यगृहातील रात्रींची सांगता ठरलेल्या तीन गाण्यांनीच होई, जशी आपल्याकडे मैफलीची भैरवीने होते. ज्या गाण्यांना त्यांच्या जन्मभूमीत कोणी विचारले नाही त्यांना परक्या देशातील अनोळखी माणसांनी अंतःकरणाशी धरावे, ही या चळवळीची थोर बाजू. परंतु तेथील डिस्क जॉकी स्पर्धकांना गाण्याचा माग लागू नये म्हणून तबकडीच्या मधल्या वर्तुळावर कागद चिकटवीत आणि खोटे नाव सांगत. फ्रँक विल्सन याचे मोटाउन या ध्वनिमुद्रिका कंपनीने १९६५ मध्ये छापून मागे घेतलेले एक गाणे असेच आधी एडी फॉस्टर या नावाखाली वाजवले गेले. त्या तबकडीच्या मोजक्याच प्रती वाचल्या असून त्यांपैकी एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. गायकाचे नाव झाकून ठेवणारी ही गुप्तता प्राचीन गूढपंथांच्या गुप्ततेची आठवण करून देते, पण तेथे दीक्षेने अधिकार येई आणि येथे तो केवळ ताब्यामुळे येत होता.

या प्रकरणातील आणखी दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक म्हणजे जुनी तबकडी कितीही किमतीला विकली गेली तरी त्यातून गायकाला काहीच मिळत नाही. ज्यांच्या श्रमाचे मोल पहिल्या वेळी बुडाले, त्यांचे ते दुसऱ्या वेळीही बुडते. चळवळीतील काही आयोजकांनी विस्मृत गायकांना इंग्लंडमध्ये बोलावून त्यांच्या मैफली घडवल्या, आणि ऋणाची जाणीव असलेला संग्रह कसा असतो याचे ते उदाहरण आहे. दुसरी गोष्ट अशी की, फ्रँक विल्सन स्वतः १९७० नंतरच्या दशकात मोटाउन सोडून ख्रिस्ती धर्मोपदेशक झाला. ज्या वस्तूला खरेदीदारांनी पवित्र अवशेषाची किंमत दिली, तिच्या कर्त्याने पावित्र्याचा शोध त्या बाजारापासून फार दूर घेतला.

ख्रिस्ती परंपरेत वस्तुपूजेवरील वाद इसवी सन ७८७ मधील निकियाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेत ज्या भेदाने हाताळला गेला तो येथे मार्गदर्शक ठरतो. परिषदेने असा निर्णय दिला की, प्रतिमेला आदर द्यावा, आराधना मात्र फक्त ईश्वराची करावी, आणि प्रतिमेला दिलेला आदर तिच्या मूळ बिंबाकडे पोहोचतो. या न्यायाने तबकडीला दिलेला मान गाण्याकडे आणि गाणाऱ्यांकडे पोहोचत असेल तर तो आदर होय, आणि तबकडीपाशीच अडकून पडत असेल तर ती मूर्तिपूजेच्या निषिद्ध अर्थाने पूजा होय. हा भेद न कळल्याचे उलट्या दिशेचे उदाहरणही आहे. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर, नष्ट करण्यासाठी एक डिस्को तबकडी आणणाऱ्याला ९८ सेंटमध्ये प्रवेश देण्यात आला, आणि स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाने जमलेल्या तबकड्यांची पेटी दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत स्फोटाने उडवली. त्यानंतर प्रेक्षक मैदानात घुसल्याने दुसरा सामना यजमान संघाला गमवावा लागला. मैदानावर काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाने, जो पुढे हाउस या नृत्यसंगीताचा निर्माता झाला, असे सांगितले आहे की लोकांनी आणलेल्या पुष्कळ तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, त्या सोल आणि अन्य कृष्णवर्णीय संगीताच्या होत्या. मूर्तिभंजकही मूर्तिपूजकाइतकाच वस्तूत अडकलेला असतो. त्याचा खरा रोख माणसांवर असतो, आणि त्यांच्याऐवजी हाती लागलेली वस्तू फोडून तो समाधान मानतो. त्याच वर्षी इंग्रज अभ्यासक रिचर्ड डायर यांनी डिस्कोचे समर्थन करताना दाखवून दिले की, भांडवली बाजारातून आलेल्या मालालाही त्याचा वापर करणारे लोक बाजाराने न योजलेला अर्थ देऊ शकतात. शिकागोच्या मैदानावर उडवला गेला तो माल, आणि तो अर्थ मात्र नृत्यभूमीवर शाबूत राहिला.

यावरून वस्तूंचा संचयच त्याज्य आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल, पण अपरिग्रहाचा भारतीय विचार त्याहून सूक्ष्म आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्रा’त परिग्रहाचे लक्षण वस्तूंच्या संख्येने केलेले नसून त्यांच्याविषयीच्या मूर्च्छेने, म्हणजे भान हरपवणाऱ्या ममत्वाने केलेले आहे. त्यामुळे एकच तबकडी बाळगणारा परिग्रही असू शकतो आणि दहा हजार बाळगणारा नसू शकतो. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत ही मूर्च्छा ओळखण्याची खूण तिच्या द्रव्यातच आहे. सुई खोबणीच्या भिंतींना घासत जाते तेव्हाच आवाज निघतो, आणि प्रत्येक घासण्याने त्या भिंती थोड्या तरी झिजतात. न्यूयॉर्कच्या डिस्क जॉकींसाठी खास मिश्रणे ज्या मऊ लेपाच्या तबकड्यांवर कोरून दिली जात, त्या तर थोड्याच वादनांनंतर खरखरू लागत. तरीही त्या कोरल्या जात, कारण त्या वाजवण्यासाठीच होत्या. व्यापारात सर्वाधिक भाव मात्र न वाजवलेल्या, कोऱ्या प्रतीला मिळतो, म्हणजे आपल्या प्रयोजनापासून जी सर्वात दूर राहिली तिला सर्वात मूल्यवान ठरवले जाते. हीच या व्यवहारातील मूळ विसंगती आहे.

यावर असा आक्षेप घेता येईल की, सर्वांनीच आपल्या प्रती झिजवल्या तर पुढच्या पिढ्यांच्या हाती काहीच उरणार नाही. आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर खाजगी कपाटाने मिळत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डॉना समरचे १९७७ चे ‘आय फील लव्ह’ हे गाणे राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदपटात समाविष्ट केले आहे; अशा संस्थेने एखादी प्रत न वाजवता राखली तर ती सर्वांच्या वतीने राखलेली असते आणि तिच्यातील ध्वनी अभ्यासकाला उपलब्ध असतो. विकून नफा मिळेपर्यंत तबकडी बंद ठेवणारा खाजगी मालक ना तिचा वापर करतो, ना सार्वजनिक जतन. या दोहोंच्या पलीकडची तिसरी वाटही याच दशकात चोखाळली गेली होती. मॅन्कुसो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये न्यूयॉर्क रेकॉर्ड पूल ही सहकारी व्यवस्था उभारली, जिच्यात कंपन्यांकडून आलेल्या नव्या तबकड्या सर्व सभासद डिस्क जॉकींना वाटल्या जात आणि त्यांचे अभिप्राय कंपन्यांना कळवले जात. विगनच्या कागद चिकटवलेल्या तबकडीच्या नेमकी उलट अशी ही रीत होती: जाणकाराचा मान येथे लपवण्यातून येत नव्हता, इतरांच्या कानी घालण्यातून येत होता.

रसग्रहणाचे स्थान या विवेचनात शेवटी येत असले तरी ते दुय्यम नाही. तबकडीची वंशावळ ओळखणे, गायकाच्या एका श्वासात चर्चची कोणती शिस्त बोलते ते ऐकणे, तालाच्या कोणत्या मांडणीने शरीराला उठवले ते जाणणे, आणि हे जाणलेले दुसऱ्याला ऐकवणे, या क्रमाने गेल्यावर मालकी हा रसग्रहणाचा आरंभबिंदू ठरतो, शेवट ठरत नाही. अरेथा फ्रँकलिनच्या वडिलांनी दिलेल्या निर्वाळ्यातील सिद्धान्त संग्राहकालाही लागू पडतो: जसे गाण्याचे पावित्र्य विषयापेक्षा ते गाण्याच्या वृत्तीवर अवलंबून असते, तसे संग्रहाचे पावित्र्य वस्तूच्या दुर्मीळतेपेक्षा ती कोणासाठी आणि कशी वाजवली जाते यावर अवलंबून असते. एकाच छपाईच्या दोन प्रतींपैकी एक चरे पडलेली, अनेक मेजवान्यांत वाजलेली आणि दुसरी अजून न उघडलेली असेल, तर बाजार दुसरीला अधिक भाव देईल आणि तो भाव बाजाराच्या नियमांनुसार बरोबरही असेल. पण ज्या समाजाने हे संगीत आधी प्रार्थनेसाठी आणि मग नाचासाठी घडवले त्याच्या दृष्टीने पहिलीच्या मालकाने आपले काम केले आहे आणि दुसरीच्या मालकाचे ते अद्याप व्हायचे आहे.